विश्लेषण : पर्यटनाची जीप थकली की जाते कुठे? सांगोल्यासारख्या तालुक्यात जुन्या गाड्यांना मिळणाऱ्या दुसऱ्या आयुष्याचा हिशेब

पर्यटकांना गड, घाट आणि जंगल दाखवून दमलेली जीप थेट भंगारात जात नाही. आधी ती वडापला लागते, मग मळ्यात येते आणि शेवटी गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत उभी राहते. या प्रवासात तिचे मालक बदलत जातात. आरसी बुकावरचे नाव मात्र बऱ्याचदा तेच राहते. अपघात झाला की नोटीस त्याच नावाने येते.

‘पंधरा वर्षे झाली, आता गाडी भंगार’ ही समजूत गावोगावी आहे. ‘चालतेय तोवर चालवायची, कागद कोण बघतो’ ही दुसरी. दोन्ही चुकीच्या आहेत आणि दोन्हींची किंमत मालकालाच मोजावी लागते. म्हणून जुन्या जीपचे नेमके काय होते, कायदा काय सांगतो आणि पैसे कुठे अडकतात, हे समजून घेऊ.

सांगोल्यासारख्या तालुक्यात जीप का टिकते?

सांगोला हा सोलापूर जिल्ह्यातील पर्जन्यछायेचा तालुका. माण नदी बहुतेक काळ कोरडी. पाण्याची टंचाई पाचवीला पुजलेली. तरी ठिबक आणि शेततळ्यांच्या जोरावर येथे डाळिंब पिकले. देशातील शंभरावी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२० रोजी सांगोल्याहूनच पश्चिम बंगालमधील शालिमारकडे सुटली होती. रविवारचा जनावरांचा बाजार आणि खिलार बैल ही या गावाची जुनी ओळख.

मिरज-सांगोला-सोलापूर हा राष्ट्रीय महामार्ग आता गुळगुळीत आहे. पण महामार्ग सोडून मळ्याकडे वळले, की शेवटचा टप्पा मुरमाचा नाहीतर मातीचा. माणसे गावठाणात कमी आणि वाड्या-वस्त्यांवर जास्त. ओढ्यातून जाणारी, बांधावरून चढणारी, माणसांबरोबर पेंडीची पोती आणि दुधाच्या किटल्या नेणारी गाडी अशा ठिकाणी लागतेच.

जीपची बांधणी या कामाला साजेशी आहे. खाली लोखंडी चासी, तिच्यावर बोल्टने बसवलेली बॉडी, चाकांवर कमानपाटे. पाटा तुटला तर तालुक्याच्या गावात दुसरा मिळतो. बॉडी सडली तर वेल्डिंगवाला पत्रा मारून देतो. नव्या गाडीसारखा संगणक आणि सेन्सर नसल्याने बिघाड कान लावून कळतो. गाडी तिशी ओलांडते ती यामुळेच.

ही जीप आली कुठून?

जीपचा जन्म लष्करी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलीज कंपनीने ती मोठ्या संख्येने बनवली. स्वातंत्र्याच्या आसपास महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. पुढे याच घराण्यातून एमएम ५४०, कमांडर, मार्शल, आर्माडा आणि २००० साली बोलेरो आली. पुण्याच्या बजाज टेम्पोने (२००५ पासून फोर्स मोटर्स) ‘ट्रॅक्स’ आणली. मारुतीची ‘जिप्सी’ डिसेंबर १९८५ मध्ये बाजारात आली. लष्कर, पोलीस आणि जंगल सफारी या तीन कामांत तिने नाव काढले. ताडोब्यात वाघ पाहिलेल्या बहुतेकांनी तो उघड्या जिप्सीतूनच पाहिला आहे.

आता जिप्सी बनत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाले आणि जुनी इंजिने नव्या गाड्यांसाठी बाद झाली. नवा पुरवठा थांबला की जुन्या गाडीचे आणि तिच्या सुट्या भागांचे मोल वाढते. जीप लवकर मोडीत न निघण्याचे हेही एक कारण.

पर्यटनाची गाडी ‘निवृत्त’ कधी होते?

इंजिन थकण्याच्या आधी परमिट थकते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी टूरिस्ट परमिटवरील मोटार कॅबसाठी ९ वर्षांची आणि त्याहून मोठ्या वाहनांसाठी ८ वर्षांची मर्यादा ठेवली होती. कायद्याच्या भाषेत चालक सोडून सहा प्रवाशांपर्यंतची गाडी ही मोटार कॅब. सातपासून बारापर्यंतची मॅक्सी कॅब. म्हणजे नऊ आसनांची ट्रॅक्स मॅक्सी कॅबमध्ये येते. परमिटचे नियम मधल्या काळात बदलत आले आहेत, त्यामुळे आजची मर्यादा परिवहन कार्यालयात विचारूनच व्यवहार करावा.

गाडीत दम असतो, पण टूर ऑपरेटरला ती परवडेनाशी होते. भाड्याच्या गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. यालाच आपण ‘पासिंग’ म्हणतो. पर्यटकही नवी, एसी गाडी मागतात. मग जुनी गाडी शहरातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला आणि तेथून वस्तीवर उतरते. प्रत्येक पायरीला किंमत कमी होते आणि कागदांची काळजीही.

पिवळ्या पाटीची गाडी घरच्या वापरासाठी घ्यायची, तर आधी परमिट जमा करावे लागते, कराचा फरक भरावा लागतो आणि नोंदणीत ‘परिवहन’ऐवजी ‘परिवहनेतर’ असा बदल करून घ्यावा लागतो. नुसती पाटी पांढरी रंगवली म्हणजे गाडी खासगी होत नाही.

पंधरा वर्षे झाली म्हणजे गाडी भंगारच का?

नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ नुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. मुदत संपली की तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. गाडी तपासणीत उतरली तर ती वीस काय, तीस वर्षांनीही कायदेशीरपणे रस्त्यावर राहू शकते.

गोंधळ दिल्लीमुळे झाला. राष्ट्रीय हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना मनाई केली, ती राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरती. सांगोल्याला तो नियम लागू नाही. सरकारी गाड्यांची गोष्टही वेगळी आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेची विशेष वाहने त्यातून वगळली आहेत. त्यामुळे एखाद्या खात्याची जुनी जीप लिलावात दिसली, तर ती घरी चालवायला मिळते आहे की मोडीत काढण्यासाठीच विकली जाते आहे, हे अटींमध्ये वाचून घ्यावे.

मात्र नूतनीकरण स्वस्त राहिलेले नाही. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील मोटारीचे नूतनीकरण शुल्क ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० रुपये केले. आयात केलेल्या चारचाकीसाठी ही रक्कम ८०,००० रुपये आहे. शिवाय महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना पर्यावरण कर भरावा लागतो. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवणेही सक्तीचे आहे.

खरा फटका उशिराचा. मुदत संपल्यानंतर खासगी चारचाकीला दरमहा ५०० रुपये जादा शुल्क लागते. समजा, १५ वर्षांची मुदत संपून जीप चार वर्षे गोठ्याशेजारी तशीच उभी राहिली. ४८ महिन्यांचे २४,००० आणि मूळ शुल्क ५,००० असे २९,००० रुपये झाले. दुरुस्ती, टायर, विमा आणि पर्यावरण कर अजून बाकीच. म्हणून ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत ठेवलेली गाडी हळूहळू कायमची कागदाबाहेर जाते.

वडापची जीप बेकायदा कशी ठरते?

विदर्भ-मराठवाड्यात ‘काळी-पिवळी’, तर पश्चिम महाराष्ट्रात ‘वडाप’. शब्द वेगळे, गरज एकच. एसटीची फेरी दुपारी एक आणि संध्याकाळी एक. मधल्या वेळेत दवाखाना, कॉलेज आणि बाजार गाठायचा कसा? सीट भरल्या की सुटणारी जीप हे त्याचे उत्तर. एसटी कर्मचाऱ्यांच्या संपात, नोव्हेंबर २०२१ मध्ये, राज्य सरकारने स्वतःच खासगी बस आणि मालवाहू वाहनांनाही प्रवासी नेण्याची तात्पुरती मुभा दिली होती. ग्रामीण वाहतूक किती पातळ धाग्यावर उभी आहे, हे तेव्हा दिसले.

पण सोय झाली म्हणून गाडी सुरक्षित होत नाही. परमिटशिवाय भाड्याने प्रवासी नेल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. त्याहून मोठा धोका विम्याचा. खासगी वापराच्या पॉलिसीवर भाड्याचे प्रवासी बसवले आणि अपघात झाला, तर विमा कंपनी अटींच्या भंगाकडे बोट दाखवते. नऊ सीटच्या गाडीत पंधरा जण, मागच्या फळीवर लटकलेली पोरे आणि घासून गेलेले ब्रेक असतील, तर भरपाईचा खटला वर्षानुवर्षे चालतो. प्रवाशाला यातले काहीच माहीत नसते. त्याने फक्त वीस-तीस रुपये दिलेले असतात.

गाडी विकली, पण नाव बदलले नाही. मग?

जुन्या जीपच्या व्यवहारात सर्वांत महागात पडणारी चूक हीच. हातात रोकड, सहीचे कोरे ‘टीटी फॉर्म’ आणि किल्ली. व्यवहार पूर्ण झाला असे दोघांनाही वाटते. घेणारा ते फॉर्म तसेच पुढच्या गिऱ्हाइकाला देतो.

सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात याचा निकाल लावला. त्यातील गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती आणि २००९ मध्ये तिचा अपघात झाला. न्यायालयाने सांगितले, की परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. अपघातग्रस्ताने खरेदीदारांची साखळी शोधत फिरावे, अशी अपेक्षा कायदा करत नाही.

हिशेब सरळ आहे. पाच वर्षांपूर्वी लाखभर रुपयांना विकलेली जीप आज कुठल्या तरी घाटात उलटली आणि तिचा विमा नसेल, तर भरपाईचा दावा शेती विकायला लावू शकतो. तीच जीप चोरट्या वाळू वाहतुकीत किंवा दारूच्या गुन्ह्यात सापडली, तर पोलीसही आधी आरसीवरच्या पत्त्यावर येतात.

बागेतले जुगाड चालते का?

रस्त्यावरून उतरलेली जीप शेतात नवा जन्म घेते. एक्सल आणि चाके छोट्या ट्रॉलीखाली जातात. इंजिन पंप किंवा जनित्र फिरवते. पाटे तापवून, ठोकून कोयते आणि खुरपी होतात, कारण पाट्याचे पोलाद चिवट असते. बांधाच्या आत, स्वतःच्या रानात यातले बरेच काही निभावते. प्रश्न ते सार्वजनिक रस्त्यावर आले की सुरू होतो.

कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील बदलतील असे फेरफार करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील प्रकरणात ही बाब ठामपणे मांडली. छत कापणे, भलेमोठे टायर लावणे आणि दुसऱ्या गाडीचे इंजिन परवानगीविना बसवणे महागात पडू शकते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

शेजारच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे उदाहरण सर्वांना आठवत असेल. तेथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भाग जोडून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीपगाडी तयार केली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले आणि त्याच वेळी सांगितले, की ही गाडी नियमांत बसत नसल्याने कधी ना कधी अडवली जाईल. बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. कारागिरीला दाद मिळाली, पण रस्त्यावरचा परवाना मिळाला नाही. या गोष्टीचा हा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात.

मग भंगारात द्यायची कशी?

भंगारवाल्याला रोख पैशांत गाडी देणे सोपे, पण धोक्याचे. गाडी तुटली तरी तिची नोंदणी कागदावर जिवंत राहते. तिची नंबरप्लेट आणि चासी नंबर चोरीच्या गाडीला चिकटू शकतात. सांडलेले जुने ऑईल मातीत जाते, फुटलेल्या बॅटरीतील शिसे पाण्यात.

केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये वाहन मोडीत काढण्याच्या नोंदणीकृत केंद्रांचे नियम आणले. तेथे गाडी चोरीची तर नाही ना, हे आधी नोंदींवरून तपासले जाते. गाडी जमा होताच ‘ठेव प्रमाणपत्र’ मिळते. मग ऑईल, बॅटरी आणि घातक भाग वेगळे काढून गाडी तोडली जाते आणि तिची नोंदणी रद्द होते. ठेव प्रमाणपत्र दाखवून नवी गाडी घेतल्यास नोंदणी शुल्क माफ होते. केंद्राच्या नियमानुसार मोटार वाहन करात खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत आणि भाड्याच्या गाडीला १५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. प्रत्यक्ष किती द्यायची, हे राज्य ठरवते. नवी गाडी घ्यायची नसेल, तर हे प्रमाणपत्र दुसऱ्याला हस्तांतरितही करता येते.

पैसे किती? धोरण जाहीर करताना सरकारने नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के असा अंदाज दिला होता. दहा लाखांच्या गाडीला तो ४० ते ६० हजार भरतो. चालती जीप गावात त्याहून जास्त देऊन जाते, म्हणून लोक केंद्राकडे वळत नाहीत. पण न चालणाऱ्या, मुदत संपलेल्या जीपसाठी गणित उलटे होते.

१ एप्रिल २०२५ पासून आयुर्मान संपलेल्या वाहनांचे स्वतंत्र पर्यावरण नियमही लागू झाले आहेत. जुन्या गाड्यांतील पोलाद पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवरही टाकली आहे. शेतीचे ट्रॅक्टर या नियमांतून वगळले आहेत, जीप नाही.

जुने ते सोने, पण कधी?

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि मूळ रूपात जपलेली असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार तिची ‘विंटेज’ म्हणून नोंदणी होते. शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली अशा निमित्तानेच ती रस्त्यावर आणता येते. कोणाच्या वाड्यात आजोबांच्या काळातील विलीज उभी असेल, तर तिला भंगाराच्या काट्यावर चढवण्याआधी हा नियम जरूर पाहावा.

जगातही हेच घडत आले आहे. महायुद्धानंतर फिलिपिन्समध्ये अमेरिकी सैन्याने मागे सोडलेल्या जीप लांबवून लोकांनी ‘जीपनी’ बनवली आणि ती त्या देशाची वडाप ठरली. दार्जिलिंगजवळच्या मानेभंज्यांग येथे १९५० च्या दशकातील लँड रोव्हर गाड्या पर्यटकांना संदकफूच्या चढावर नेत राहिल्या. गाडीला वय नसते, असे यातून वाटेल. पण या गाड्या टिकल्या, कारण तेथे त्यांना रोज कोणीतरी तपासत होते.

व्यवहाराआधी हे तपासा

- परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर किंवा मोबाईल ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून नोंदणी, योग्यता आणि विमा यांच्या तारखा पाहा.
- आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेची एनओसी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.
- चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहा. घासलेला किंवा नव्याने ठोकलेला नंबर दिसला तर व्यवहार सोडा.
- विकणाऱ्याने त्याच राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरणाची माहिती द्यायची असते. कोरे फॉर्म सही करून कोणाच्याही हाती देऊ नका.
- सांगोल्यात दिसणारा एमएच-४५ हा क्रमांक अकलूजच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाचा. दुसऱ्या राज्यातील स्वस्त डिझेल गाडी घेताना तेथील एनओसी, येथील कर आणि फेरनोंदणी यांचा खर्च आधी मांडा.
- गाडी पूर्ण निकामी झाली असेल, तर कलम ५५ नुसार १४ दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्या.
- मोडीत काढताना ठेव प्रमाणपत्राशिवाय किल्ली देऊ नका.

जीप विकताना टायर आणि इंजिन सगळेच पाहतात. पैसे हाती आल्यावर महिन्याभराने आणखी एक गोष्ट पाहायची असते : परिवहनच्या नोंदीत मालक म्हणून आपले नाव अजून दिसते का? दिसत असेल, तर ती जीप अजून विकली गेलेली नाही.